उसाचा रस, आंबील आणि बाबांची शुगर

ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही टाकतेय.

आजचा विषय एका मेसेजमधून आलाय. कराडजवळचा एक श्रोता आहे, वय सत्तावीस. त्यानं लिहिलंय, "ताई, बाबांना शुगर निघाली. घरात साखर बंद केली. कोल्ड्रिंक तर ते पीतच नव्हते. आता ते रोज संध्याकाळी रसवंतीत जाऊन उसाचा रस पितात. म्हणतात, हा नैसर्गिक आहे, बाटलीतला नाही. आई म्हणते त्यापेक्षा आंबील प्या. दोघांचं रोज भांडण. खरं कोण?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण सातारा-सांगलीचा अख्खा नकाशा त्यात आहे. एक रस नदीकाठचा, दुसरी आंबील दुष्काळी भागातली. आणि दोन्ही 'आपल्या पूर्वजांचं' म्हणून खपतं.

जे नवीन ऐकतायत त्यांच्यासाठी सांगते, मी डॉक्टर नाही. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढणं हे माझं काम. गोळ्या कुठल्या, किती, हे मी सांगणार नाही. पण ग्लासात काय असतं आणि ते रक्तात गेल्यावर मशीनवर काय दिसतं, हे मी रोज बघते.

लॅबमधली एक गंमत आधी सांगते. उपाशीपोटीचं रक्त दिलं की आम्ही सांगतो, "आता जेवण करा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी परत या." त्याला सगळे पीपी म्हणतात. बाहेरगावचा माणूस जेवायला कुठं जाणार? तो समोर जातो, चहा-बिस्किट खातो. उन्हाळा असला तर फुल्ल ग्लास रस मारतो. परत येतो आणि म्हणतो, "ताई, मी काही खाल्लंच नाही, नुसतं पाणी पिल्यासारखं." मग रिपोर्ट बघून म्हणतो, मशीन बिघडलंय का?

पेय हे आपल्याला खाणं वाटतच नाही. अर्ध्या भांडणाचं मूळ तिथं आहे. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर आई टोकते, दोन ग्लास सरबत जास्त झालं तर कुणी मोजत नाही.

आता गंमत अशी की मधुमेह आहे का हे बघायची जी पक्की तपासणी आहे, ती सुद्धा एक पेयच आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज अडीचशे-तीनशे मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांच्या आत प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. दोनशे किंवा त्यापेक्षा जास्त आलं तर मधुमेह. एकशे चाळीसच्या खाली असलं तर ठीक. मधलं आलं तर ती उंबरठ्यावरची अवस्था. गरोदर बायकांना हे पाणी पाजतो तेव्हा बऱ्याच जणी नाक मुरडतात. इतकं गोड घशाखाली उतरत नाही म्हणतात. हा ७५ ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

तर उसाचा रस. आपण कारखान्यांच्या पट्ट्यातले लोक. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, वसंतदादा, ही नावं आपल्याकडं शाळेच्या आधी कळतात. आणि 'उतारा' हा शब्द तर पाचवीतल्या पोरालाही माहीत असतो. शंभर किलो ऊस गाळला की साखर किती निघाली, तो उतारा. आपल्या भागात तो अकरा-बारा टक्क्यांपर्यंत जातो, देशात नाव आहे आपलं. उसाचा दर त्यावर ठरतो. उतारा अर्धा टक्का कमी दाखवला तर लोक आंदोलनाला बसतात.

आणि हाच ऊस, हाच रस, कारखान्याच्या ऐवजी रसवंतीच्या चरकातून आला, घुंगराचा आवाज झाला, वर लिंबू-आलं पडलं, की आपण म्हणतो यात कसली साखर, हे नैसर्गिक आहे! मंडळी, कारखाना साखर तयार करत नाही. तो फक्त रसातली साखर वेगळी काढतो. तयार केलेली असते ती उसानं, तुमच्याच शेतात, तुमच्याच पाण्यावर.

हिशेब सोपा आहे. शंभर मिली रसात साधारण १३ ते १५ ग्रॅम साखर. अडीचशे मिलीचा ग्लास धरला तर तीस ते चाळीस ग्रॅम. बर्फ जास्त घातला तर थोडी कमी. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमचा धरा. म्हणजे एका ग्लासात आठ-दहा चमचे. बाबांच्या पुढ्यात कुणी वाटीत दहा चमचे साखर ठेवून म्हणालं, खा, तर ते खातील का? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की अशी मोकळी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे धडधाकट मोठ्या माणसाला जेमतेम पंचवीस ग्रॅम. आणि मोकळ्या साखरेत त्यांनी फळांचे रस, मध, सिरप सगळं धरलंय.

इथं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. दोन ग्लास रस म्हणजे जवळपास ७५ ग्रॅम साखर, पण ती तपासणीतल्या ७५ ग्रॅम ग्लुकोजइतकी उडी मारत नाही. बरोबर आहे. कारण उसाची साखर म्हणजे अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज. आतड्यात ती फुटते. ग्लुकोज रक्तात येतं आणि मशीनवर दिसतं. फ्रुक्टोज बहुतेक सगळं यकृतात जातं, ग्लुकोमीटरला ते दिसतच नाही. म्हणून काही रील्समध्ये सांगतात की उसाच्या रसाचा ग्लायसेमिक इंडेक्स तितका वाईट नाही. मशीनवर आकडा कमी दिसला म्हणजे साखर कुठं गायब झाली असं नाही. रोज इतकं फ्रुक्टोज यकृतात जायला लागलं की त्यातल्या काहीची चरबी होते, आणि चरबी साठलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रक्तातला आकडा ही गोष्टीची एक बाजू झाली.

गूळ, काकवी, नीरा, या सगळ्यांचं कुळ एकच. गुळात शंभरातले ऐंशीच्या वर ग्रॅम साखरच असते. थोडी खनिजं असतात, हो, चव तर फारच छान. पण चहात साखरेऐवजी गूळ टाकला म्हणून शुगरवाल्याला चहा माफ झाला, असं नाही. हल्ली हायवेवर गुळाच्या चहाचे स्टॉल किती झालेत बघा. बोर्डावर 'आरोग्यदायी' लिहिलेलं असतं. गूळ जितका पडला तितकी साखर पडली, बोर्डानं त्यात फरक पडत नाही.

नीरेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ते घरातलं आहे.

आमचे थोरले काका वाळवा तालुक्यात असतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दहा-बारा वर्षांची शुगर, दोन वेळच्या गोळ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना व्हॉट्सअपवर एक फॉरवर्ड आला, की नीरा रोज घेतली तर मधुमेह मुळापासून जातो. आबा शिस्तीचे. रोज पहाटे जाऊन दोन ग्लास नीरा, आणि गोळ्या बंद. घरात कुणालाच सांगितलं नाही. दीड महिन्यानं पायाच्या अंगठ्याला नख लागून जखम झाली, ती भरेना. मला फोन आला. मी म्हटलं, आधी रक्त द्या. नमुना मीच मशीनला लावला. उपाशीपोटी तीनशेच्या पुढं. मी दोनदा लावून बघितला. आबांना फोन केला तर म्हणतात, "अगं पोरी, ते झाडाचं पाणी आहे, त्यात कसली साखर?"

शिंदीच्या झाडाचा तो रस, त्यातही शंभर मिलीला दहा-बारा ग्रॅम साखर असते. मडक्याला चुना लावतात तो कशासाठी? आंबू नये म्हणून. आंबली की ताडी होते. आणि आंबते कशी? त्यात साखर असते, ती यीस्ट खातं. साखर नसती तर ताडी झालीच नसती! हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. शेतकरी माणूस, मुद्दा लगेच कळला. अंगठा वाचला, पण ड्रेसिंगला चार महिने गेले आणि त्या वर्षी ऊस तोडायला गेला तेव्हा आबा कॉटवर होते. नीरेनं त्यांचं नुकसान केलं असं मी म्हणणार नाही. नुकसान केलं गोळ्या बंद केल्यानं. पण गोळ्या बंद करायचं धाडस कुठून आलं? 'नैसर्गिक' या एका शब्दातून.

आता आईच्या बाजूला येऊ. आंबील.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. हा आपला पूर्वेकडचा पट्टा. पावसाची बोंब, पिकं ज्वारी-बाजरीची. तिथं उन्हाळ्यात पाहुणा आला की रस कुठून देणार, ऊसच नव्हता. ताक, नाहीतर आंबील. यल्लम्माच्या नैवेद्यालाही आंबीलच. ज्यांनी घरी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजत घालायचं. सकाळी त्याला आंबूस वास आलेला असतो. पाण्याला उकळी आणून त्यात ते हळूहळू ओतायचं, सतत ढवळायचं, गुठळी झाली की बोलणी खायची. शिजून दाटसर झालं की गार करायचं, मग वरून ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. माझी आजी त्यात कच्चा कांदा बारीक चिरून घालायची. तोंडाला पाणी सुटलं ना?

यात वरून घातलेली साखर शून्य. पण आईला लगेच जिंकवू नका. पीठ म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट पचून शेवटी ग्लुकोजच होतं. आंबवल्यावर जिवाणू त्यातलं थोडंसं खातात, बाकीचं जागेवरच राहतं. शिवाय बारीक दळलेलं पीठ भरपूर पाण्यात शिजवलं की ते फुगतं आणि पचायला एकदम सोपं होतं. म्हणून आजाऱ्याला पेज देतात ना. जे आजाऱ्याला सोयीचं, ते शुगरवाल्याला फार सोयीचं नसतं. नुसत्या पाण्यात शिजवलेली नाचणीची पातळ लापशी साखर चांगलीच वेगानं वाढवू शकते. 'नाचणी आहे, कितीही घ्या' असं जे सांगतात ते अर्धंच सांगतात.

मग आंबील बरी का? तीन गोष्टींमुळं. पहिली, आंबटपणा. आंबवताना तयार होणारं लॅक्टिक आम्ल पिष्टाचं पचन जरा संथ करतं. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात ब्रेडवर यावर बरंच काम झालंय, आंबट ब्रेडनं साखर सावकाश वाढते असं तिथं दिसलं. दुसरी, ताकातलं प्रथिन. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, पीठ असतंच किती? एका ग्लासाला पोह्याचे दोन-तीन चमचे, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास. त्यात पिष्ट चौदा-पंधरा ग्रॅम. एका मोठ्या भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे एक ग्लास आंबील म्हणजे साधारण पाव ते तिसरा हिस्सा भाकरी. बाबांनी एक ग्लास आंबील पिऊन अर्धी भाकरी कमी खाल्ली तर उत्तम. दोन भाकऱ्या खाऊन वर लोटाभर आंबील पिली तर ती तिसरी भाकरीच झाली की.

एक गोष्ट मला वाचताना कळली आणि मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले होते. ज्वारी, बाजरी, नाचणी, ज्यांना आपण मातीतलं, गावरान, एकदम आपलं म्हणतो, ती तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी पश्चिम आफ्रिकेत सहाराच्या कडेची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्रमार्गे आपल्याकडं आली. म्हणून तिकडची पेयं बघितली की आपल्या आंबिलीची सख्खी बहीण भेटल्यासारखं वाटतं. केनियात उजी करतात, नाचणी-ज्वारीच्या पिठाची, बऱ्याचदा आंबवलेली. नायजेरियात बाजरी-ज्वारीची कुनू, आलं-लवंग घालून. दक्षिण आफ्रिकेत मक्याची आंबवलेली महेऊ. केनियातले कालेनजिन लोक दूध भोपळ्याच्या तुंब्यात आंबवतात, त्याला मुर्सिक म्हणतात. सुदान-इजिप्तमध्ये लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत, कर्कदे. आपण अंबाडीची भाजी खातो, ते तिचं सरबत करतात.

आणि तिकडंही भांडण हेच आहे बरं का. घरची महेऊ आंबट असते. दुकानात खोक्यातून मिळणारी केळ्याच्या, स्ट्रॉबेरीच्या स्वादाची असते, साखर घातलेली. उजी, कुनू, कर्कदे, तिन्हीत साखर पडते ती नंतर, वरून. कर्कदेनं रक्तदाब थोडा कमी होतो असे अभ्यास आहेत, पण त्यात पाच चमचे साखर घालून शुगरवाल्यानं पिलं तर त्या फुलाचा काय उपयोग? आपल्याकडं मॉलमध्ये 'नाचणी माल्ट' म्हणून डबे मिळतात, त्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. साखर यादीत पहिल्या-दुसऱ्या नंबरला असेल तर ती नाचणी नाही, साखरेत नाचणी आहे.

आपल्याकडं पेयाचा नकाशाही बदलतोय. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेकडं नेलं. कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत. ज्या गावांना टँकर यायचे तिथं पाणी आलं, हे फार चांगलं झालं, त्याबद्दल दुमत नाही. पाण्याबरोबर ऊस आला, द्राक्षं-डाळिंबं वाढली, पैसा आला, चौकात रसवंती आली आणि चहाची टपरी तर दर शंभर पावलांवर. आंबील मात्र मागं पडली, ती गरिबाची म्हणून. आता तीच आंबील पुण्यातल्या कॅफेत काचेच्या बाटलीतून मिळते. किंमत विचारू नका.

आणि खरं सांगू का, आपल्या भागात शुगरचा गुन्हेगार शोधायचा तर मी रसापेक्षा चहाकडं बोट दाखवेन. रस उन्हाळ्यात, कधीमधी. चहा बारा महिने. सकाळी उठल्यावर, कामावर गेल्यावर, पाहुणा आला की, पाहुणा म्हणून गेलं की, मयतीला, बारशाला. सहा कप झाले आणि कपाला दोन चमचे धरले तर ४८ ग्रॅम साखर, रसाच्या एका ग्लासापेक्षा जास्त. श्रोत्याच्या घरात साखर बंद झाली म्हणतोस, पण बाबा बाहेर किती चहा घेतात ते मोजलंस का? टपरीवर 'बिनसाखरेचा' म्हटलं की लोक बघतात, म्हणून बरेच जण तोंडच उघडत नाहीत.

बाकीच्या पेयांचं पटापट सांगते. ताक, बिनसाखरेचं, सगळ्यात सुरक्षित. एका ग्लासात चार-पाच ग्रॅम दुधाची साखर, तीही सावकाश. फक्त बीपी असेल तर मीठ बेतानं. गोड लस्सीचं ताकाशी नातं आहे, पण हिशेब रसाच्या खात्यात लिहा. सोलकढी चालेल. कोकम सरबत सिरपमधून करतात, ते सिरप म्हणजे साखरेचा पाकच. पन्हं, गूळ किती पडला त्यावर. लिंबूपाणी मीठ घालून प्या. नारळपाणी अधूनमधून चालतं, तीन-तीन शहाळी नकोत.

हळदीच्या दुधाबद्दल खूप विचारतात, साहजिक आहे, सांगली म्हणजे हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालं. माझ्या एका मैत्रिणीनं ते वाचून विचारलं होतं, "म्हणजे हळदीनं शुगर वाढत नाही असं सरकारनं सांगितलं का?" (हसू) नाही गं. ते जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, आणि आहारवाल्यांचं जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. नाव एक, खानदान वेगळं. हळदीचं दूध प्यायला काही हरकत नाही, चमचाभर हळदीनं मधुमेह मात्र हटत नाही. कारल्याच्या रसाचंही तसंच, पुरावा कच्चा आहे. उलट काही गोळ्यांबरोबर घेतला तर साखर नको तितकी खाली जायची भीती असते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच.

आता तुमच्याकडं येते. तुम्ही ऐकणारे वीस-तीस वर्षांचे. तुम्हाला वाटतंय हा विषय बाबांचा आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभरातला अभ्यास आला, त्यात भारतात मधुमेह असलेले १०.१ कोटी, आणि उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी. उंबरठ्यावरच्यांना काहीच होत नसतं. ना तहान, ना चक्कर.

"पण मी बारीक आहे ताई." हे तर रोज ऐकते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव यासाठी लक्षात ठेवा. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून दोघंही सडपातळ. आपण भारतीय लोक असे दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असतो, त्यामुळं गोऱ्या माणसाच्या मानानं कमी वजनातही आपल्याला मधुमेह गाठतो. तेव्हा घरात कुणाला शुगर असेल तर वर्षातून एकदा तपासा. उपाशीपोटी शंभरच्या खाली हवी, १२६ किंवा पुढं म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी ६.५ किंवा पुढं म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर पुन्हा एकदा तपासून खात्री करतात.

आणि बाबांशी वाद घालू नकोस. वडिलांना लेक्चर दिलं की ते दुसऱ्या रसवंतीत जातात. घरात ग्लुकोमीटर असेल तर एक साधी गोष्ट कर. एक दिवस संध्याकाळी रसाआधी बाबांचंच बोट टोचून बघ आणि पिऊन एका तासानं बघ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढंच खाऊन, एक ग्लास आंबील, आधी आणि तासानं. तिसऱ्या दिवशी ताक. बोट टोचायच्या आधी हात धुवायला लाव, बोटाला रस लागलेला असला तर आकडा खोटा येतो. तीन दिवसांचे सहा आकडे बाबांनाच वहीत लिहायला सांग. पण बाबांची साखर आधीच अडीचशेच्या वर वगैरे असेल तर रसाचा प्रयोग करायचा नाही, सरळ डॉक्टर. आणि आकडे बघून गोळ्या वाढवायच्या-कमी करायच्या नाहीत.

रस आयुष्यातून जायलाच पाहिजे का? नाही. सहा महिन्यांतून एकदा गुऱ्हाळावर गेलात, अर्धा ग्लास घेतला, त्या वेळी जेवणातली एक चपाती कमी केली, चाललात, तर काही आभाळ कोसळत नाही. रोजचा फुल्ल ग्लास, तोही संध्याकाळी पोट रिकामं असताना, तो बंद झाला पाहिजे. आई जास्त बरोबर आहे, पण ग्लास एकच, आणि भाकरीतून वजा करून.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐका, कारण एका प्रसंगात हाच रस औषध असतो. ज्यांना इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांची साखर कधीकधी एकदम खाली जाते. जेवण चुकलं, उन्हात जास्त काम झालं, किंवा वारीत चाल जास्त पडली. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा असे वारकरी सापडतात. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस बरळायला लागतो, लोकांना वाटतं ऊन लागलं. मशीनवर सत्तरच्या खाली दिसलं, किंवा मशीन नसेल आणि शंका असेल, तर पंधरा ग्रॅम साखर ताबडतोब. म्हणजे चार चमचे साखर पाण्यातून, नाहीतर अर्धा ग्लास उसाचा रस. पंधरा मिनिटांनी परत बघायचं, वर आली नसेल तर परत तेवढंच द्यायचं, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला घालायचं. तिथं आंबील-ताक देत बसू नका, ते सावकाश काम करतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सरळ १०८ ला फोन.

यात एक मेख आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का बघ, बऱ्याचदा ते दुसऱ्या औषधात मिसळलेलं असतं. ही औषधं आतड्यात साखर फुटूच देत नाहीत, तेच त्यांचं काम. त्यामुळं अशा माणसाला साखर घसरल्यावर साधी साखर, गूळ, उसाचा रस दिला तर लवकर उपयोग होत नाही. त्याला थेट ग्लुकोज लागतं, मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर. पाकीट विकत घेतानाही बघा, काही पाकिटांत ग्लुकोजबरोबर साखर मिसळलेली असते. नुसतं ग्लुकोज लिहिलेलं घ्या, एक पुडी बाबांच्या खिशात आणि एक गाडीच्या डिकीत ठेवा.

पुढच्या आठवड्यात भेटू. प्रश्न पाठवत राहा, आणि कराडच्या मित्रा, ते सहा आकडे मला कळव.